चोवीस पेरं

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा इतिहास रत्नागिरीत फक्त मला माहीत आहे, असं मी त्या काळी छातीठोकपणे सांगत असे. मला खोटं पाडणारा माणूस जिल्ह्यात नव्हता, त्यामुळे सांगायला माझं काही जात नव्हतं. मी शाळेत पी.टी. शिकवायचो. पस्तिशी उलटली होती, डोकं लवकर तापायचं, आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ऐकवल्याशिवाय चैन पडायचं नाही. बायको म्हणायची, तुमच्याशी बोलायला बसलं की तास सुरू होतो. खोटं नव्हतं ते.

हा इतिहास माझ्याकडे समुद्रावरून आला. खाडीकाठच्या मुसलमान मोहल्ल्यात प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी बोटीवर नाहीतर आखातात असायचं. सुट्टीवर येताना ती माणसं घरच्यांसाठी अत्तर नि ब्लँकेटं आणायची आणि माझ्यासाठी कुठल्या कुठल्या बंदरांतली जुनी क्रीडा-मासिकं. त्यांतून मी तुकडे जोडत गेलो. ही लीग काही खेळाच्या प्रेमातून जन्मली नव्हती. तिकडे बर्फावरच्या हॉकीसाठी मोठमोठी बंदिस्त मैदानं होती, आणि हॉकी नसेल त्या संध्याकाळी ती रिकामी पडत. मालकांनी डोकं चालवलं, बर्फावर लाकडी फळ्या टाकल्या आणि वर बास्केटबॉल खेळवायला सुरुवात केली. खाली बर्फ तसाच. फटींतून गारवा वर यायचा, माणसांच्या गर्दीने आत ऊब वाढली की जमिनीलगत धुकं धरायचं, फळ्या ओल्या व्हायच्या, खेळाडू आपटायचे. पहिल्या वर्षांतले कितीतरी संघ पुढे नावासकट नाहीसे झाले. मला त्या नाहीशा झालेल्या संघांचं फार वाटायचं. त्यांची नावं मी एका वहीत लिहून ठेवली होती.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगायचो. त्या सुरुवातीच्या काळात एखादा संघ पुढे गेला की चेंडू नुसता धरून बसायचा. ना टाकायचा, ना सोडायचा. लोक कंटाळून घरी जायचे. शेवटी एका लहान शहरातल्या संघाच्या मालकाने गणित मांडलं आणि नियम आला, की चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत तो टोपलीकडे टाकलाच पाहिजे, नाहीतर दुसऱ्याला द्यायचा. त्या एका नियमाने लीग वाचली, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

आमच्याकडे नियम तीस सेकंदांचा होता. पण सरावाला मी चोवीसच ठेवले. एक तर मोठ्या लीगचे चोवीस होते, आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे घड्याळ नव्हतं, बोटं होती. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, एका हाताची बारा, दोन हातांची चोवीस. जपाला आणि तसबीला लोक मोजतात तसंच. बाहेर बसलेल्या खेळाडूने गुडघ्यावर हात ठेवून अंगठ्याने पेरं मोजायची आणि वीस झाले की ओरडायचं. करंगळीच्या मुळापासून सुरू करून वर जायचं, ही माझी पद्धत. चिपळूणचे पंच आम्हाला हसायचे. हसू देत, पण आमच्या पोरांची चोवीस पेरं आणि त्यांचं स्टॉपवॉच यांत कधी एका सेकंदाच्या वर फरक पडला नाही.

फक्त एकजण उलटं मोजायचा. तो तर्जनीच्या टोकापासून सुरू करून खाली यायचा, मग मधलं बोट, असं करत करंगळीच्या मुळाशी संपवायचा. मी त्याच्यावर चिक्कार ओरडलो. तो हसायचा, हो सर म्हणायचा, आणि पुन्हा तर्जनीच्या टोकाला अंगठा लावायचा. सड्यावरच्या आमच्या मैदानात त्याच्याइतका चांगला खेळाडू परत झाला नाही. जांभ्या दगडाची जमीन, चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही, होडी बांधणाऱ्या सुताराने फणसाच्या फळ्यांचा बोर्ड करून दिलेला. तिथे तो असा खेळायचा, जसं काही दगडानेच त्याला आधी सांगून ठेवलंय.

बर्फाच्या गोष्टीने त्याला वेड लावलं होतं. ती त्याने माझ्याकडून किती वेळा ऐकली असेल, गणती नाही. विशीत तो बोटीवर लागला, लग्न झालं, दर सुट्टीला मासिकांचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात हजर. शेवटच्या खेपेला निघताना मैदानावर आला होता. त्याची बोट तेव्हा अमेरिकेकडे जाईल असं त्याला वाटत होतं. म्हणाला, "खाली बर्फ नि वर माणसां घाम गाळतात, ह्या आपल्या डोळ्यांनी बघायलाच पायजे. अजून बर्फ हाय का नाय, बघून येतो नि तुमाला सांगतो." मी म्हटलं, आता कसला बर्फ असणार, जुनी गोष्ट आहे ती. तो म्हणाला, तरी सांगतो.

त्याची बोट अमेरिकेला गेलीच नाही. आखातात तेव्हा लढाई चालू होती. बोटीची खबर थांबली, आणि सात महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं की बोट बुडाली, कुणी वाचलेलं नाही. देह मिळाला नाही.

कोकणी मुसलमानांत अशा वेळी देह समोर नसताना जनाज्याची नमाज पढायची रीत आहे. समुद्रावर पोट असलेल्या लोकांना ती लागतेच. त्याचे वडील पूर्वीच वारले होते, त्यामुळे धाकटे काका घरातले कर्ते. त्यांनी नमाजीचा दिवस ठरवायला घेतला. मागे बावीस वर्षांची बायको होती. नमाज झाली की तिची इद्दत, विधवेने पाळायची मुदत, सुरू होणार, चार महिने दहा दिवसांनी ती दुसऱ्या लग्नाला मोकळी होणार. राजापूरहून तिचे वडील दोनदा येऊन गेले होते. नमाज होत नव्हती तोवर ती विधवाही नव्हती आणि सवाष्णही नव्हती. नुसती घरात वावरत होती.

आणि नेमकी तेव्हा ती कॅसेट आली.

मोहल्ल्यातला एक शेजारी दुबईहून सुट्टीवर आला. सरांसाठी लीगच्या इतिहासाची व्हिडिओ कॅसेट मिळाली तर घे, असं त्याला या मुलाने कधीतरी सांगून ठेवलं होतं. मुलगा गेल्याचं कळल्यावर त्याला ते आठवलं आणि त्याने ती मुद्दाम शोधून घेतली. व्हीसीआर मुलाच्याच घरी होता, म्हणून तो आधी तिथे लावून बघायला गेला. चाची, म्हणजे मुलाची आई, शेजारी येऊन बसली. आणि सुरुवातीच्याच एका दृश्यात तिने पडद्यावर बोट ठेवलं. गर्दीत, खेळाडूंच्या बाकामागे, दुसऱ्या रांगेत तिचा मुलगा बसला होता.

कॅसेट लावल्याच्या सहाव्या दिवशी काकांनी मला बोलावणं धाडलं. मी तरीतून, म्हणजे खाडीवरच्या होडीतून, पलीकडे गेलो, दुपारची वेळ होती. वाटेत तरवाल्यानेच सगळं सांगितलं. मोहल्ल्यात आशा पसरली होती. बोट सोडून परमुलखात उतरलेले, चार वर्षांनी पत्र पाठवलेले एक-दोघे त्यांना माहीत होते. हाही तसाच मधल्या एखाद्या बंदरात उतरून अमेरिकेला पोचला असेल, मॅच बघायला गेला असेल. काकांना माझ्याकडून एवढंच हवं होतं, की ही मॅच कुठली आणि कधीची. मी सांगेन त्यावर नमाज पढायची की थांबायची ते ठरणार होतं. मला आता सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. माझा इतिहास पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामाला येणार होता.

माजघरात खिडक्या लावून अंधार केला होता. मी, काका, चाची आणि दुबईहून आलेला तो शेजारी टीव्हीसमोर, आणि सून दाराआड. दृश्य कृष्णधवल होतं, पण त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं, कारण गावातले निम्मे टीव्ही कृष्णधवलच होते. मी मात्र पहिल्या दोन सेकंदांतच ओळखलं. टोपलीखालचा पट्टा अरुंद, तीन गुणांची रेषा नाही, चोवीस सेकंदांचं घड्याळ कुठेही नाही. एक संघ चेंडू धरून नुसता उभा होता. आणि फळ्यांवर घोट्याएवढं धुकं होतं.

"चाची, हा सामना तुमच्या मुलाच्या जन्माआधीचा आहे," मी म्हणालो. मग मी कारणं सांगू लागलो. पट्टा कधी रुंदावला, घड्याळ का आलं, सगळं. तास सुरू झाला माझा. काका मान हलवत होते. तो शेजारी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा पुन्हा लावत होता, आणि बोलता बोलता माझी नजर दुसऱ्या रांगेकडे गेली.

हॅट घातलेल्या माणसांची रांग. त्यांत एकाच्या तोंडावर हॅटची सावली होती. चेहरा कुणाचाही असू शकला असता. पण त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि अंगठा पेरांवरून फिरत होता. तर्जनी झाली होती, तो मधल्या बोटाच्या टोकावरून खाली येत होता. मधल्या बोटाच्या मुळाशी पोचला, सहावं पेर, आणि दृश्य बदललं.

मी बोलायचा थांबलो नाही. आवाजही हलला नाही. हा सामना ज्या काळातला होता, त्या काळात चोवीस सेकंद मोजायची कल्पनाच कुणाला सुचलेली नव्हती, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी भ्यालो होतो, आणि भ्यालो की मी जास्त बोलतो. पस्तीसेक वर्षांपूर्वीचा सामना आहे, तुमचा मुलगा तिथे असणं शक्य नाही, असं मी ठासून सांगितलं. हाताबद्दल चकार शब्द काढला नाही.

काका उठले. येत्या शुक्रवारी नमाज पढू म्हणाले. चाची टीव्हीकडेच बघत होती. ती म्हणाली, "तुमी सांगता ता खरा आसंल, सर. पन मना अजून थोडे दिस द्या." काकांना नाही म्हणता आलं नाही. मी उठलो तेव्हा दाराआडून सुनेने माझ्याकडे पाहिलं. ती आनंदली होती की उन्मळली होती, मला काही समजलं नाही.

घरी येऊन मी स्वतःला फैलावर घेतलं. अंधारी खोली, जुनी फिल्म, दुपारचं जेवण आणि मनात तोच. माणूस हाताशी चाळा करतोच. दोन दिवसांनी मला माझंच पटलं. मैदानावर मात्र पोरं पेरं मोजायला लागली की मी तोंड फिरवायचो.

अठराव्या दिवशी काका स्वतः शाळेत आले. वहिनी ऐकत नाही, रोज दुपारी एकदा ते दृश्य लावते नि बंद करते, सुनेचे वडील येऊन बसलेत, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच समजवा, असं त्यांचं म्हणणं. मी थोडा चिडूनच गेलो. म्हातारीच्या हट्टापायी एक जिवंत पोर अडकून पडली होती, आणि तो हट्ट मोडायचा असं ठरवून मी खाडी ओलांडली.

चाचीने चहा दिला. मी माझं भाषण सुरू केलं, घड्याळ, पट्टा, हॅट. ती मध्येच म्हणाली, "तोंडावरना नाय वळाखला मी त्याला. हातावरना वळाखला. नि तुमी पन त्या दिशी हातच बगितलांत."

मी कप खाली ठेवला.

तिने सांगितलं की मी बोलत होतो तेव्हा माझाही अंगठा चालला होता, ते तिने पाहिलं होतं. मग मला खोटं बोलवेना. पाहिलं, म्हटलं, आणि सांगितलं नाही, चुकलं माझं. ती रागावली नाही. म्हणाली, पहिल्या दिवशी अंगठा पहिल्या पेरावर होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यावर. त्याच दिवशी कितीही वेळा लावा, तिथेच थांबतो. दुसऱ्या दिवशी एक पेर पुढे.

मी कॅसेट लावायला सांगितली. हे मी चिडून केलं, स्वतःवर चिडून. धुकं आलं, फळ्या आल्या, चेंडू धरून बसलेला तो संघ आला. दुसऱ्या रांगेत माणूस तसाच बसला होता. उजव्या हाताची मूठ मिटलेली होती. आता डावा हात गुडघ्यावर होता, आणि अंगठा मधल्या बोटाच्या मुळाशी पोचला. अठरा. दृश्य बदललं.

या गोष्टीला मी नंतर किती कारणं शोधली असतील. व्होल्टेज कमी असायचं, टेप ताणली गेली असेल, व्हीसीआरचं हेड खराब असेल. मशीन बिघडलं की चित्र हलतं, पुसतं, रेघा येतात. मिटलेली मूठ कुठून येते, हे मला एकाही दुरुस्तीवाल्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही म्हणा.

तिला समजवायला गेलो होतो. परत येताना काकांना म्हणालो, आणखी सहा दिवस थांबा. वेड्याकडे बघावं तसं ते माझ्याकडे बघत राहिले.

सहाव्या दिवशी दुपारी मी कुणी न बोलावता गेलो. एप्रिल होता, खाडीचं पाणी तापलेलं, तरीत बसवत नव्हतं. घरात शिरलो तर सून दाराआड नव्हती. सासूच्या शेजारी चटईवर बसली होती, तिचा हात सासूच्या हातात होता. चाचीने मला बसायला सांगितलं आणि स्वतः बटण दाबलं.

धुकं त्या दिवशी जास्त होतं, की मला तसं वाटलं. खेळाडूंचे पाय दिसत नव्हते. माणूस तसाच बसलेला. अंगठा डाव्या करंगळीच्या टोकावर, मग मधल्या पेरावर, मग मुळाशी. चोवीस. दृश्य बदललं नाही. त्याने हात उलटा केला, तळवा वर केला आणि बोटं उघडली. मी पोरांना शिकवलेली खूण होती ती, वेळ संपली, चेंडू सोडा. मग धुकं त्याच्या गुडघ्यांवर आलं आणि पडद्यावर दुसरा सामना सुरू झाला.

सून रडू लागली. इतके महिने ती रडली नव्हती, असं मला मागाहून कळलं. चाची उठली, टीव्ही बंद केला, त्यावर क्रोशाचं कव्हर घातलं, नीट चारही कोपरे ओढून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चोवीस झाले का बॉल सोडायचा, ना सर? तुमीच शिकवलात माझ्या पोराला."

मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि त्या बाईसमोर रडायचा मला काही अधिकार नव्हता. ती दारापर्यंत गेली, दिराला हाक मारली आणि सांगितलं, आज नमाज पढा.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजीनंतर मशिदीबाहेरच्या मोकळ्या जागेत माणसं जमली. मी दगडी गडग्यापाशी चपला काढून उभा राहिलो, हात जोडून, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. रांगा लागल्या. जनाजा असतो तिथे पुढे नुसती जमीन होती, उन्हात तापलेला लाल जांभा. एवढी माणसं त्या रिकाम्या जागेपुढे मान खाली घालून उभी होती. पहिल्यांदा अल्लाहु अकबर झालं.

तेव्हा मला तळपायांना गार लागलं. आधी वाटलं, कुठे पाणी सांडलं असेल. खाली बघितलं तर जमीन कोरडी ठणठणीत होती. दुसरी तकबीर झाली. गारवा घोट्यांपर्यंत आला. भर एप्रिलात, त्या जांभ्यावर, जिथे दुपारी अनवाणी पाय ठेवला तर फोड यावा, तिथे माझ्या पायांखालून थंडी वर येत होती, फटींतून यावी तशी. मी इकडेतिकडे बघितलं नाही. शेजारी कुणाला लागतंय का, हे विचारायचं धाडस झालं नाही. जोडलेल्या हातांत माझा अंगठा हलत होता, आणि तो तर्जनीच्या टोकापासून खाली येत होता. त्या पद्धतीने मी आयुष्यात कधी मोजलं नव्हतं.

चौथी तकबीर झाली, सलाम झाला, माणसं हलली. मी चपला घातल्या. काकांनी येऊन माझा हात धरला आणि हात इतका गार कसा म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

सुनेचं पुढे दोन वर्षांनी राजापूरकडेच लग्न झालं. चाची स्वतः गेली होती. कॅसेट तिने मला देऊन टाकली, ती तुमचीच होती म्हणाली. मी ती एकदाच लावली. धुकं आहे, फळ्या आहेत, चेंडू धरून बसलेला संघ आहे, आणि दुसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी आहे. नाहीशा झालेल्या संघांच्या वहीत मी त्याचं नाव सगळ्यांच्या खाली लिहिलं. बर्फाची गोष्ट मात्र मी त्यानंतर कुठल्याच तुकडीला सांगितली नाही. खाली अजून बर्फ आहे का नाही ते बघून येतो नि सांगतो, असं तो म्हणाला होता, आणि त्याने सांगितलं.